पिंगळे मास्तरांचा खांदा

पिंगळे मास्तरांना मी शांत असं एकदाच पाहिलं, आणि तेव्हा ते झोपले होते. तेही पुरते शांत म्हणता येणार नाही. दुपारच्या सुट्टीत वर्गातल्या खुर्चीत मान टाकून हा माणूस झोपला होता आणि कपाळाला आठी तशीच होती. स्वप्नातही कोणाची तरी चूक सापडली असावी.

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. रोहण्याहून बैलगाडीनं निघालं की तासाभरात यायचं. नाव सांगत नाही. ज्यांच्यावर मी पुढं तोंडसुख घेणार आहे त्यांची नातवंडं तिथं सुखानं नांदताहेत आणि मला अजून अधूनमधून त्या गावी लग्नाला जावं लागतं. पन्नास सालानंतरची ती दोन-चार वर्षं. आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता, राजधानी नागपूर, आणि गावच्या मिडल स्कुलात पिंगळे मास्तर हेडमास्तर होते. मी मॅट्रिक होऊन नुकताच त्यांच्या हाताखाली लागलो होतो. वय बावीस, अक्कल त्याहून कमी.

मास्तर उंचीला पाच फूट. मान जवळजवळ नव्हतीच. काळी टोपी थेट खांद्यांवर ठेवल्यासारखी दिसे. आणि ते खांदे! देवानं एका उंच माणसासाठी घडवले असावेत आणि घाईत या बुटक्याला बसवून टाकले असावेत. बंद गळ्याचा कोट खांद्यावर ताणलेला आणि पोटावर ढगळ.

हा माणूस सकाळी उठल्यापासून कशाचा ना कशाचा निषेध करत असे. आर्वीची बस उशिरा आली तर निषेध. वेळेवर आली तर इतके दिवस का नाही आली, म्हणून निषेध. पोस्टाचा शिक्का नेमका पत्त्यावरच्या 'वर्धा' या अक्षरांवर पडतो, यासाठी त्यांनी पोस्टमास्तरला तीन पत्रं लिहिली होती, आणि त्या तिन्ही पत्रांवर शिक्का तिथंच पडला होता. चहावर साय आली की कप लांब धरून म्हणायचे, "हा अन्याय आहे." कोणावर, ते सांगत नसत.

शांत असताना ते अगदी पुस्तकी मराठी बोलत आणि रागावले की वऱ्हाडीवर येत. त्यामुळं त्यांचं पुस्तकी मराठी आमच्या कानांवर फारसं पडलं नाही.

पण एका गोष्टीसाठी अख्खं गाव त्यांना ओळखायचं. गावात कोणी गेलं की पिंगळे मास्तर खांदा द्यायला हजर. नातं नाही, ओळख नाही, जात नाही, पात नाही. वर्गात गणित चालू असलं आणि रस्त्यावरून 'राम बोलो भाई राम' ऐकू आलं की खडू खाली ठेवत, मला म्हणत, "जरा वर्ग बघ," आणि कपाटातून एक पिशवी घेऊन अनवाणी निघत.

त्या पिशवीत घोंगडीच्या घड्या असत. एक बोटभर जाड, एक दोन बोटं, एक चांगली चार बोटं. तिरडीला खांदा देणाऱ्या चौघांची उंची सारखी नसते. एका कोनाशी ताडमाड, दुसऱ्या कोनाशी बुटका, आणि मग वरचा माणूस कलंडत जातो. मास्तरांना हे सहन होत नसे. एका नजरेत ते माणसं मापत, बुटक्याच्या खांद्यावर घडी ठेवत, उंचाला मागं पाठवत. स्वतः चारबोटी घडी घेऊन उभे राहत. आणि मग नदीपर्यंत रागावणं चालू.

"पाय मिळवा! वरात नाई हे! अन् मंधात कापसाच्या भावाच्या गोष्टी कोन करून राह्यलं?"

एकदा मी त्यांना विचारलं, मेलेल्या माणसाला काय कळतं, थोडा कललेला गेला तर? मास्तरांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी फळा पुसायला लागलो. मग म्हणाले, "माणूस आयुष्यभर वाकडातिकडाच चालतो. शेवटचं तरी सरळ जाऊ द्यावं की नाही?" हे पुस्तकी मराठीत बोलले, म्हणून लक्षात राहिलं.

बाजाराच्या दिवशी एकदा एक अनोळखी म्हातारा वडाखाली मरून पडला. कोण, कुठला, कोणत्या जातीचा, कोणाला ठाऊक नव्हतं, आणि तेवढ्याच कारणानं सगळा बाजार त्याला वळसा घालून भाजी घेत होता. मास्तर पिशवी घेऊन त्या प्रेताशेजारी उभे राहिले आणि बाजाराला शिव्या घालू लागले. तिघं येईपर्यंत घातल्या. पाऊण तास लागला, असं म्हणतात. आणि नारायणराव, म्हणजे आमच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष, गावातल्या कापसाच्या जिनिंगचे मालक, यांचे वडील गेले तेव्हाची गोष्ट तर सगळ्यांनी पाहिलेली. वडील देहानं भारी. नारायणराव शंभर पावलांवर दम लागून बांधावर बसले. मास्तरांनी घरापासून नदीपर्यंत खांदा बदलला नाही.

ही गोष्ट लक्षात असू द्या. नारायणरावांच्या ती राहिली नाही.

तर हे मास्तर परदेशी गेले.

हसू नका. गोवा तेव्हा परदेशच होता. पोर्तुगिजांचं राज्य, सरहद्दीवर शिपाई, हातात कागद. मास्तरांची कुलदेवी गोव्यात. कोण्या काळी त्यांचा कोणी पूर्वज नागपूरकर राजांच्या चाकरीत इकडं आला आणि देवी तिकडंच राहिली. आई जाताना म्हणाली होती, एकदा माझ्या नावानं तिची ओटी भर. मास्तरांनी दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवलं आणि परवाना मिळवताना सहा महिने निषेध केला. "आपल्याच देवीले भेटाले गोऱ्याची परवानगी?" निघताना गाव बसपर्यंत पोचवायला आलं. नारायणरावांनी हार घातला. मास्तरांनी हार काढून हातात घेतला आणि त्यात झेंडूपेक्षा दोराच जास्त आहे, असं सांगितलं.

तिकडं काय झालं, ते त्यांनी परतल्यावर आम्हाला शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. सांगितलं म्हणजे तक्रार केली.

ओटी भरून झाली. परतीची बस धरली. बस एका गावाशी आली आणि थांबली. ड्रायव्हर उतरला, टोपी झटकली, आणि म्हणाला, "आयज फेस्त. फाल्यां वचूंया." म्हणजे आज आमच्या गावची जत्रा आहे, उद्या जाऊ. गाव त्याचं स्वतःचं होतं. उतारूंना त्यानं हातानं 'चला' म्हणून खूण केली आणि चालू लागला. गंमत म्हणजे बाकीचे उतारूही मुकाट्यानं उतरून त्याच्यामागं गेले.

"निषेध केला," मास्तर म्हणाले. "एकट्यानं बसमध्ये बसून केला. अर्धा तास. पण तिथं ऐकायलाच कोणी नव्हतं."

मग उतरले. नारळाच्या झाडांमधून चुन्यानं पांढरं केलेलं देऊळ दिसत होतं, वर क्रूस. रस्त्यावर पताका. आणि रस्त्याच्या ऐन मधोमध, चार तिवयांवर टेकवलेली एक पालखी. तिला वरून छत नाही. फुलांच्या चौरंगावर बाईची मूर्ती, निळा शेला, हात जोडलेले. लोक तिला सायबीण, म्हणजे मालकीण, म्हणत होते. मिरवणूक अर्ध्यात अडली होती. बँडवाल्यांनी कर्णे मांडीवर ठेवून शेंगा सोलायला घेतल्या होत्या. आणि लाल झूल पांघरलेली दहा-पंधरा माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत होती.

भांडण असं की गावात दोन वाडे, वरचा आणि खालचा. पालखीचा पुढचा उजवा कोन हा मानाचा. दोन्ही वाडे म्हणत होते, तो आमचा. पाद्रीबाबा म्हातारे; मधे उभे राहून दोन्हीकडं हात हलवत होते. आणि सायबीण उन्हात. फुलं माना टाकू लागलेली.

"मला सांगा," मास्तर टेबलावर हात आपटून म्हणाले, "एक बाई मधरस्त्यात उन्हात उभी आहे, चार खांदे समोर आहेत, आणि तिला उचलायला कोणी नाही! मी काय शेंगा सोलत बसू?"

मास्तर गर्दीत घुसले. धोतर, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. आणि खास आर्वीच्या बोलीत सुरू झाले. "अबे, लाज नाई वाटत काय तुमाले? मायले उन्हात ठेवून भांडून राह्यले! हटा! हट ना बे!" गोव्याच्या त्या गावाला वऱ्हाडीतलं एक अक्षर कळणं शक्य नव्हतं. पण शिव्या पडताहेत एवढं सगळ्यांना स्वच्छ कळलं. भांडण थांबलं. तेवढ्यात मास्तरांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याची चारबोटी घडी केली आणि पुढच्या उजव्या कोनाशी जाऊन दांडी धरली.

त्यांना मानपान काही ठाऊक नव्हतं. तो कोन मोकळा दिसला, म्हणून धरला. आपल्याकडं मोकळा कोन दिसला की माणूस पुढं होतो. मास्तर तर झोपेतही झाले असते.

पाद्रीबाबांनी ड्रायव्हरला विचारलं, हा काय म्हणतो? ड्रायव्हर पूर्वी मुंबईला बोटीवर आचारी होता, त्याला मोडकं हिंदी येत होतं. त्यानं शिव्या गाळल्या आणि म्हणाला, हा म्हणतो, आईला ऊन लागतंय. म्हातारे पाद्री हसले. कोन वरच्या वाड्याला दिला तर खालचा रुसणार, खालच्याला दिला तर वरचा. हा कोण कुठला परदेशी. याला दिला तर कोणाचंच काही गेलं नाही. त्यांनी कोणाच्या तरी अंगावरची लाल झूल काढून मास्तरांच्या कोटावर घातली आणि मान हलवली.

"पोळ्याच्या बैलासारखी!" मास्तर म्हणाले. "पण निघताना दुसरं कोणी काही नीट करेल तर शपथ! पुढं ताडमाड माणूस, मागं माझ्याएवढा! मूर्ती कलंडली असती!" म्हणून त्यांनी तिथल्या तिथं माणसं बदलली. वरच्या वाड्याच्या उंचाला मागं, खालच्या वाड्याच्या बुटक्याला पुढं. दोन्ही वाडे एका पालखीखाली गेले आणि देवळाच्या पायरीशी पोचेपर्यंत ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही. पायरीशी मास्तर थांबले. चपला काढल्या. बाकीचे बूट घालून आत चालले होते, ते पाहून त्यांचा जो भडका उडाला, त्याचं भाषांतर करायला ड्रायव्हरनं नकार दिला. पण तिघांनी बूट काढले. सायबीण त्या दिवशी अनवाणी माणसांच्या खांद्यावरून आत गेली.

नंतर एका म्हातारीनं त्यांना घरी नेलं. हा माणूस मासे-मटण खात नाही हे कळल्यावर तिनं केळी, भात आणि नारळाची वडी पुढं केली, "जेव रे पुता" म्हणाली. निघताना पाद्रीबाबांनी एक जाड मेणबत्ती दिली.

"वडी कशी होती मास्तर?" मी विचारलं.

"गोड जास्त होती," ते म्हणाले. पण कपाळावरची आठी त्या वेळी तिथं नव्हती. आईच्या नावानं भरलेल्या ओटीबद्दल ते चार वाक्यं बोलले होते. या पालखीतल्या बाईबद्दल तासभर बोलले.

आता माझा गुन्हा. थोडक्यात सांगतो, कारण तो मोठा आहे. मास्तर घरी गेल्यावर मी त्यांची नक्कल केली. दुपट्टा पांघरला, वर्गातला बाक खांद्यावर घेतला आणि "मायले उन्हात ठेवून!" असं ओरडत खोलीभर फिरलो. सहकाऱ्यांची हसून पुरेवाट झाली. मला अजून आठवतं, मला फार छान वाटत होतं. खिडकी उघडी होती आणि खिडकीखाली जिनिंगची माणसं बसायची.

दिवेलागणीपर्यंत गोष्ट पाय फुटून गावभर गेली. दुसऱ्या दिवशी तिला डोकंही फुटलं. मास्तरनं पाद्र्याच्या हातचं पाणी घेतलं. मास्तरनं डबलरोटी खाल्ली. मास्तरचं नाव बदललं. आठवड्यात मास्तर पुरते किरिस्ताव होऊन गेले होते आणि हे ठाऊक नसलेला गावात, असं आम्हाला वाटे, एकच माणूस होता: मास्तर.

कमिटीची बैठक शाळेतच भरली. मी कोपऱ्यात हजेरीपट घेऊन उभा होतो. समोर नारायणराव, त्यांचे दिवाणजी लिहायला, आणखी चौघं. टेबलावर ती मेणबत्ती. संध्याकाळी काम करताना मास्तर ती लावत, म्हणून तिथंच होती.

"मास्तर," नारायणराव म्हणाले, "तुमी त्या बाईले खांदा देला काय?"

"देला."

"चुकून देला असन. परक्या मुलखात मानसाले समजत नाई."

"चुकून कायले? चांगला पाहून देला."

"अन् हे?" नारायणरावांनी मेणबत्तीकडं बोट दाखवलं.

"मेणबत्ती आहे," मास्तर म्हणाले. "जळते."

दिवाणजी हसले आणि मग खोकले. नारायणरावांनी सांगितलं ते असं: येत्या सोमवारी मारुतीच्या देवळापुढं मास्तरांनी पंचगव्य घ्यावं आणि आपल्या हातून चूक झाली असं चार लोकांत म्हणावं. बस. एवढं केलं की काहीच झालं नाही. न केलं तर गाव त्यांचा खांदा घेणार नाही.

त्यांनी नोकरीची धमकी दिली नाही, हे लक्षात घ्या. ते हुशार होते. माणसाचं काय काढून घ्यायचं, त्यांना बरोबर ठाऊक होतं.

मास्तर उभे राहिले. मला वाटलं आता छप्पर उडणार. पण ते अगदी हळू, पुस्तकी मराठीत म्हणाले, "नारायणराव, चोरी केली तर प्रायश्चित्त घेईन. खांदा दिल्याचं प्रायश्चित्त कोणत्या पोथीत आहे, ते दाखवा." आणि वर्गावर गेले.

त्यानंतर दोन महिने मी जे पाहिलं, त्याचा मला आज इतक्या वर्षांनीही संताप येतो. रस्त्यावरून 'राम बोलो' ऐकू येई. मास्तर खडू ठेवत. पिशवी काढत. दारापर्यंत जात. आणि पुढून येणाऱ्या गर्दीतून कोणीतरी मान वळवून म्हणे, "राहू द्या जी मास्तर." की मास्तर परत येऊन गणित पुढं चालू करत. एका गणितात त्यांनी सात आणि आठची बेरीज पंधराऐवजी सोळा लिहिली. पोरांनी सांगितलं नाही. मीही नाही. ज्या गावानं बेवारशी प्रेताजवळ या माणसाला पाऊण तास एकटं उभं केलं होतं, ते गाव आता पावित्र्य सांभाळत होतं!

मग सोनबा शिंपी गेला.

सोनबा मास्तरांचा एकमेव मित्र. त्यांचे ते विचित्र मापाचे कोट तोच शिवायचा आणि शिवताना त्यांच्या शिव्या खायचा. संध्याकाळी दोघं त्याच्या ओट्यावर बसत. मास्तर जगाचा निषेध करत आणि सोनबा काजं करत "हाव, हाव" म्हणे. सकाळी दहाच्या सुमारास गेला. आम्ही शाळा सोडून पोचलो तेव्हा अंगणात तिरडी बांधून झाली होती. मास्तर आधीच आले होते आणि कडुलिंबाखाली उभे होते. हातात पिशवी.

सोनबाचा मुलगा देवराव त्यांच्यापाशी आला. खाली बघत म्हणाला, "मास्तर, तुमी संगं चाला. पन हात नोका लावू जी. नारायणराव बसले हायेत."

निषेध नाही, शिवी नाही. मास्तर नुसते त्याच्याकडं पाहत राहिले. मला ते बघवेना. मी तिकडं जाऊन काही बोलायला हवं होतं. मी कडुलिंबाच्या काड्या मोडत उभा राहिलो.

चौघं उचलायला वाकले, तेवढ्यात घरातून सोनबाची बायको, गिरजाबाई, बाहेर आली. केस सुटलेले. बायका तिला मागं ओढत होत्या. ती येऊन तिरडीच्या दांडीवर हात टेकून बसली.

"मास्तर कुठी हायेत?"

नारायणराव खाटेवरून म्हणाले, "माय, त्याईले दोष लागला हाय. पंचगव्य घेतलं त आमची काई हरकत नाई."

"कोनाले दोष?"

"थे तिकडं गोव्याले..."

"नारायणराव," गिरजाबाई म्हणाली, "तुमच्या बापाले नदीवर कोनं नेलं जी? तुमी त बांधावर बसून गेल्ते. म्या पाह्यलं नाई काय?"

"तवाची गोष्ट येगळी होती."

"हाव? मंग आना तुमचं थे पंचगव्य. म्या पेतो. मास्तरच्या वाटचं म्या पेतो, अन् तुमच्याई वाटचं पेतो. वाटीभर आना का घागरभर आना. पन मास्तर नसतीन त माह्या मानसाले म्या उचलू देत नाई. राहू द्या त्याले अथीच."

अंगणात पन्नास माणसं. नवऱ्याचं प्रेत दारात ठेवून ती बाई शेणामुताची वाटी मागत होती.

मग कडुलिंबाखालून आवाज आला. मी तो आवाज दोन महिन्यांत ऐकला नव्हता.

"कोनी काई पेनार नाई!"

मास्तर गर्दी फाडत आले. लाल झालेले. "गिरजाबाई, व्हा बाजूले! अन् ही गाठ कोनं मारली? कोनं मारली ही गाठ? बकरी बांधली काय? नदीपतूर टिकन काय हे?" त्यांनी वाकून सुतळीची गाठ सोडली, पुन्हा घट्ट मारली, शेजारची दुसरीही सोडून मारली. या वेळी गाठ पक्की बसली. मग पुढच्या उजव्या कोनाशी उभे राहिले.

उचलायला वाकलेल्या चौघांनी हात काढून घेतले होते.

मास्तर तिथं एकटे. तीन कोन रिकामे. ते कोणाला बोलावत नव्हते. बाजारात शिव्या घालणारा हा माणूस आता समोर पाहत नुसता उभा होता. गिरजाबाई उठून भिंतीला टेकली होती आणि एकेका पुरुषाकडं डोळे फिरवत होती.

पहिला देवराव आला. "बाप माहा हाय," एवढंच म्हणाला, बहुधा स्वतःलाच, आणि पुढच्या डाव्या कोनाला लागला. दुसरे आले नारायणरावांचे दिवाणजी, ज्यांनी पंचगव्याचा ठराव आपल्या सुंदर अक्षरात लिहिला होता. पागोटं काढून त्यांनी ओट्यावर ठेवलं, मालकाकडं पाहिलं नाही, आणि मागं जाऊन उभे राहिले. चौथा, मास्तरांच्या मागचा कोन मी धरला. पहिला मी नव्हतो, दुसराही नव्हतो, हे लिहून ठेवतो.

नारायणराव ऊन फार आहे म्हणत घरी गेले.

नदीपर्यंत मास्तर आम्हाला रागावत होते. पाय मिळवा, दांडी वर घ्या, दिवाणजी तुमी काय लिहून राह्यले काय, चाला ना! सोनबा अगदी सरळ गेला.

दुसऱ्याच दिवशी मी ट्रेनिंगसाठी वर्ध्याला गेलो आणि परतलो तोवर मास्तर बदली मागून दुसरीकडं गेले होते. कुठं, ते कमिटीनं सांगितलं नाही आणि मी पुरेसं विचारलं नाही. त्यामुळं त्यांचं-माझं शेवटचं बोलणं झालं ते त्या दुपारी, नदीवरून परतताना.

सगळे पुढं गेले होते. मास्तर ओल्या धोतरानं चालत होते, मी मागं. मी सगळं धैर्य गोळा केलं आणि म्हणालो, "मास्तर, गोव्याची गोष्ट गावात माझ्यामुळं पसरली. मी तुमची नक्कल केली होती. बाक खांद्यावर घेऊन."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. खिडकीखालचा प्रत्येक माणूस मला करून दाखवत होता."

"मग मला काही बोलला का नाहीत?"

ते थांबले. कपाळावर ती आठी चढली आणि मी मनाची तयारी केली. या शिव्या मला दोन महिन्यांपासून हव्या होत्या.

"बाक कोनत्या खांद्यावर घेतला होता बे?"

मी गोंधळलो. "उजव्या. उजवा कोन होता ना, म्हणून..."

"उजव्या!" मास्तर कडाडले. पलीकडच्या काठावरचा बगळा उडाला. "अरे गाढवा, उजव्या कोनाचा मानूस बाहेरच्या अंगानं चालते! दांडी त्याच्या डाव्या खांद्यावर येते! आत्ता नदीपतूर माह्या मांगं चालला, पाह्यलं नाई काय? गावभर गोष्ट नेली, अन् नेली तेई चुकीची! निदान नीट त सांगाव!"

त्यांनी जवळ येऊन माझ्या डाव्या खांद्यावर बोट रोवलं. दुखेपर्यंत रोवलं.

"हा. समजलं? आता कोनाले सांगशील, त हा."

आणि वळून शेतांमधल्या पांदीनं निघाले. पुढं कोणीतरी वाटेत बैलगाडी आडवी लावून ठेवली होती. मास्तर वळणाआड गेले, दिसेनासे झाले, आणि त्या गाडीवानाला रागावल्याचा आवाज मात्र मी तिथं उभा राहून बराच वेळ ऐकत होतो.